पाच वर्षांच्या गॅपनंतर अमेरिकेत रेसिडेन्सी: यंदाच अर्ज करावा की वर्षभर थांबावे?

प्रश्न (सदस्य: रात्रपाळी)

नेमकी माहिती असलेल्यांकडून उत्तर हवे आहे, म्हणून तपशील आधीच देते. एमबीबीएसची पदवी २०१७ ची. कायमस्वरूपी नोंदणी चालू आहे. २०१७ ते २०२० रुग्णालयात पूर्णवेळ मेडिकल ऑफिसर. जानेवारी २०२१ पासून घरच्या जबाबदारीमुळे रुग्णसेवा पूर्ण बंद. अमेरिकेच्या वैद्यकीय परवाना परीक्षेचा (यूएसएमएलई) पहिला टप्पा, म्हणजे स्टेप वन, ऑगस्ट २०२१ मध्ये पहिल्या प्रयत्नात पास, गुण २३१. स्टेप टू सीके (दुसरा टप्पा, रुग्णोपचारांच्या ज्ञानाचा) आणि ओईटी (डॉक्टरांसाठीची इंग्रजीची परीक्षा) बाकी आहेत. अमेरिकेतला क्लिनिकल अनुभव शून्य. रेसिडेन्सीचा, म्हणजे रुग्णालयातल्या पदव्युत्तर प्रशिक्षणाचा, विषय इंटर्नल मेडिसिन.

आता फेब्रुवारी चालू आहे. सप्टेंबर २०२६ मध्ये अर्ज करावा की सप्टेंबर २०२७ मध्ये? थांबले तर पदवी आणखी जुनी होते, आणि घाई केली तर अर्ज कच्चा राहतो. स्टेप वनची मुदत संपेल का, हीही धास्ती आहे. कुठल्या क्रमाने हालचाल करावी?

प्रतिसाद १ (सदस्य: वॉर्ड_क्रमांक_चार)

आधी मुदतीचे बघू, कारण बाकीचा हिशेब त्यावर बसतो. ईसीएफएमजीच्या (परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची पात्रता तपासणारी अमेरिकी संस्था) प्रमाणपत्रासाठी लागणाऱ्या परीक्षा सात वर्षांच्या आत पास व्हाव्या लागतात. म्हणजे ऑगस्ट २०२८ पर्यंत स्टेप टू सीके पास झाली पाहिजे. त्यानंतर झाली तर जुनी स्टेप वन बाद होते आणि पुन्हा द्यावी लागते. तुमच्याकडे वेळ आहे, पण "बघू नंतर" म्हणण्याइतका नाही. तुमची स्टेप वन २६ जानेवारी २०२२ च्या आधीची असल्यामुळे तिच्यावर आकडा आहे. त्या तारखेनंतर फक्त पास किंवा नापास एवढेच कळते. २३१ ला कुणी नाक मुरडणार नाही, पण निवड स्टेप टू सीकेच्या आकड्यावरच फिरेल.

आता गॅप. प्रोग्रॅमकडे, म्हणजे रेसिडेन्सी देणाऱ्या रुग्णालयांकडे, हजारो अर्ज येतात आणि ते आधी गाळणीतून जातात. पदवीचे वर्ष, परीक्षेतले अपयश, स्टेप टूचे गुण, व्हिसा या गोष्टींवर संगणकातच चाळणी लावता येते. त्या चाळणीत जो अर्ज अडकला त्याचे पर्सनल स्टेटमेंट कुणी उघडतच नाही. म्हणून गॅपचे स्पष्टीकरण कसे लिहायचे यावर महिनाभर डोके खपवणे चुकीच्या ठिकाणी कष्ट आहेत. आधी स्वतःला विचारा, मी कुठल्या चाळणीतून पार पडते?

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पदवीला किती वर्षे झाली ही एक. शेवटचा रुग्ण कधी तपासला ही दुसरी. काही प्रोग्रॅम "पदवीला पाच वर्षांच्या आत" असे सरळ लिहितात. तिथे तुम्ही कितीही काम केले तरी दार बंद. काही ठिकाणी मर्यादा दहा वर्षांची असते, काही ठिकाणी नसतेच. आणि काही ठिकाणी "पाच वर्षे, किंवा त्यानंतर सलग क्लिनिकल काम" असे असते. तुमचा खरा बाजार शेवटच्या दोन गटांचा. पदवीचे वर्ष बदलता येत नाही. शेवटच्या रुग्णाची तारीख मात्र आजपासून बदलता येते.

तेव्हा क्रम असा. पुढच्या चार-सहा आठवड्यांत मायदेशात वॉर्डातले काम सुरू करा. पूर्णवेळ जमले तर उत्तमच, नाहीतर आठवड्याला वीस-चोवीस तास, पण ठरलेले आणि लेखी. नेमणूकपत्रावर रुजू झाल्याची तारीख, विभाग, आठवड्याचे तास हवेत. बाह्यरुग्ण विभागात बसून औषधे लिहिण्यापेक्षा भरती रुग्णांचे काम जास्त मोलाचे, कारण इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी म्हणजे मुख्यतः तेच: ॲडमिशन, रोजचा राऊंड, डिस्चार्ज समरी, रात्रीचा कॉल. हे काम पुढे ईरासच्या (रेसिडेन्सीचे अर्ज भरण्याची ऑनलाइन व्यवस्था) अर्जात "चालू" म्हणून दिसते, आणि अर्ज वाचणाऱ्याची नजर पहिल्यांदा तिथेच जाते.

त्याबरोबरच स्टेप टू सीके. पास व्हायचा गुण १ जुलै २०२५ पासून २१८ आहे, पण नुसत्या पास होण्याने तुमचे भागणार नाही. गॅप असलेल्याचा ज्ञानाचा पुरावा हा एकच ताजा आकडा असतो. २४५ च्या वर गेलात तर अर्जाचा नूर बदलतो. हे माझे मत आहे, कुठल्या प्रोग्रॅमचा नियम नव्हे. प्रश्नसंच सुमारे चार हजार प्रश्नांचा धरा. रोज ४० प्रश्नांनी सुरुवात करा, तिसऱ्या आठवड्यापासून ८०. सोडवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट उत्तरे वाचायला लागतो, आणि पाच वर्षांनी परत येणाऱ्याला तिप्पट, कारण मधुमेह, हार्ट फेल्युअर, दमा, कर्करोगाच्या चाचण्यांच्या वयोमर्यादा अशा ठिकाणी उपचारांचे निकष बदललेले आहेत. जुने पाठांतर तिथेच दगा देते. परीक्षेआधी निदान दोन एनबीएमई (ही परीक्षा तयार करणारी संस्था) स्वपरीक्षा द्या, त्यांत दोन आठवड्यांचे अंतर ठेवा. दोन्हीत गुण अपेक्षेपेक्षा कमी आले तर तारीख पुढे ढकला. एकदा पास झालेली परीक्षा गुण सुधारण्यासाठी पुन्हा देता येत नाही, त्यामुळे घाईने मिळवलेले २२५ कायमचे गळ्यात राहतात. आणि नापास झालात तर तो प्रयत्न प्रत्येक प्रोग्रॅमला दिसतो.

यंदा की पुढच्या वर्षी, यावर माझे मत: पुढच्या वर्षी. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात प्रोग्रॅमना अर्ज दिसू लागतात. निकाल यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणजे परीक्षा फार तर जुलैअखेर. फेब्रुवारी ते जुलै एवढ्या वेळात नोकरी, अभ्यास, ओईटी, अमेरिकेतली ऑब्झर्व्हरशिप (रुग्णालयात फक्त बघत शिकण्याचा अनुभव) आणि तिथल्या डॉक्टरांची शिफारसपत्रे हे सगळे बसत नाही. त्यातले काहीतरी सुटतेच, आणि सुटते ते बहुधा पत्रांचे.

प्रतिसाद २ (सदस्य: ताळेबंद)

वरच्या प्रतिसादाशी बहुतांशी सहमत, पण "पुढच्याच वर्षी" या मताला एक बाजू जोडतो. २०१७ ची पदवी सप्टेंबर २०२६ ला नऊ वर्षांची होते, २०२७ ला दहा वर्षांची. दहाची मर्यादा ठेवणारे प्रोग्रॅम पुढच्या वर्षी तुमच्या हातून निसटू शकतात. म्हणून जुलैच्या मध्यापर्यंत परीक्षा झाली, स्वपरीक्षांचे गुण चांगले आले आणि वॉर्डातले काम निदान चार महिन्यांचे झाले, तर यंदा छोटा अर्ज करावा: तीसच प्रोग्रॅम, तेही पदवीच्या वर्षाची अट ज्यांच्या पानावर तपासून घेतली आहे असे. या तिन्हींपैकी एक जरी गोष्ट झाली नाही तर यंदा नको.

तीस हा आकडा हवेतला नाही. २०२५ च्या हंगामापासून ईरासचे शुल्क एका विषयात पहिल्या ३० प्रोग्रॅमना प्रत्येकी ११ डॉलर आणि त्यापुढे प्रत्येकी ३० डॉलर आहे. ३० अर्ज म्हणजे ३३० डॉलर. १०० अर्ज म्हणजे ३३० अधिक २,१००, एकूण २,४३० डॉलर. कच्च्या अर्जाच्या शंभर प्रती पाठवण्यापेक्षा तेच पैसे ऑब्झर्व्हरशिपच्या राहण्याखाण्याला लागतात.

यादी करताना फ्रीडा आणि रेसिडेन्सी एक्सप्लोरर या प्रोग्रॅमची माहिती देणाऱ्या दोन्ही संकेतस्थळांत बघा, पण शेवटचा शब्द प्रोग्रॅमच्या स्वतःच्या पानाचा. पान गप्प असेल तर समन्वयकाला तीन ओळींचा ईमेल करा: पदवीचे वर्ष, सध्याचे क्लिनिकल काम, आणि "अशा अर्जदाराचा विचार होतो का" एवढेच. सोबत सीव्ही जोडू नका. उत्तर आले की ते जपून ठेवा. इंटर्नल मेडिसिनमध्ये अलीकडच्या हंगामांत १५ सिग्नल (निवडक प्रोग्रॅमना आपली खास पसंती कळवण्याची सोय) मिळतात, ३ सोनेरी आणि १२ रुपेरी. नामवंत विद्यापीठाच्या प्रोग्रॅमवर सिग्नल उधळण्यात गॅपवाल्या अर्जदाराचे सर्वांत मोठे नुकसान होते. जिथे सध्याच्या रेसिडेंटांच्या यादीत परदेशी पदवीधर आहेत, त्यांच्या पदव्या जुन्या आहेत आणि तुमचा व्हिसा चालतो, तिथेच सिग्नल द्या.

आणि आकड्यांबद्दल. २०२४ च्या मॅचमध्ये (अर्जदार आणि प्रोग्रॅम यांच्या पसंतीच्या, म्हणजे रँक, याद्या जुळवून जागा देण्याची पद्धत) अमेरिकेचे नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी ५८.५ टक्के जणांना जागा मिळाली. या आकड्यावर विसंबू नका. त्यात नुकतेच पदवी घेतलेलेही आहेत, आणि ज्यांनी रँक यादी भरली त्यांचाच तो हिशेब आहे. ज्यांना एकही मुलाखत आली नाही ते बहुतेक त्यात मोजलेच गेलेले नाहीत.

प्रतिसाद ३ (सदस्य: कागदपत्रे_आधी)

प्रमाणपत्राच्या मार्गाबद्दल कुणी लिहिले नाही, आणि जुन्या पदवीवाल्यांचे घोडे तिथेच अडते. स्टेप टू सीएस (रुग्ण तपासण्याची प्रत्यक्ष परीक्षा) बंद झाल्यापासून ईसीएफएमजीचे "पाथवे" आहेत. त्यांतले महाविद्यालयाच्या मान्यतेवर आधारलेले मार्ग अलीकडे पदवी घेतलेल्यांसाठी आहेत. तुमचा मार्ग पाथवे वन: अमेरिकेबाहेरच्या देशात स्वतंत्रपणे, देखरेखीशिवाय वैद्यकीय व्यवसाय करण्याचा परवाना. इंटर्नशिपपुरती तात्पुरती नोंदणी चालत नाही. तुमची कायम नोंदणी चालू आहे हे मोठे बळ आहे. तिचे नूतनीकरण चुकू देऊ नका. परवान्याची खातरजमा वैद्यकीय परिषदेकडून ईसीएफएमजीला थेट जावी लागते, तुम्ही आणलेला कागद चालत नाही. परिषदेच्या कार्यालयात हे किती दिवस पडून राहील ते तुमच्या हातात नसते, म्हणून स्टेप टूच्या निकालाची वाट न बघता चौकशी आत्ताच करा.

ओईटी वैद्यकशास्त्राचीच द्यायची. ऐकणे, वाचणे, बोलणे यांत किमान ३५०, लिहिण्यात किमान ३००, आणि चारही एकाच बैठकीत. सराव असलेले डॉक्टर लेखनात घसरतात, कारण केस नोट्समधले सगळेच पत्रात ओततात. पत्र १८० ते २०० शब्दांचे. ज्याला पत्र जाणार आहे त्याला काय लागते तेवढेच ठेवायचे, बाकीचे गाळायचे. बोलण्याच्या भागात रुग्णाची काळजी ऐकून घेण्याआधीच सल्ला सुरू केला की गुण जातात.

नावाचेही बघा. पदवीवर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे, परवान्यावर तिसरेच स्पेलिंग, असा घोळ असेल तर तो परीक्षेची नोंदणी करण्याआधी मिटवा. परीक्षा केंद्रावर ओळखपत्रातले नाव आणि परवानगीपत्रातले नाव जुळले नाही तर आत सोडत नाहीत. पदवीची तारीखसुद्धा ईसीएफएमजी, ईरास आणि सीव्ही या तिन्हीत एकच हवी.

प्रश्नकर्ती (रात्रपाळी)

खूप आभार. दोन शंका उरल्या. ऑब्झर्व्हरशिप नक्की कशी आणि किती? आणि गॅपबद्दल अर्जात किती सांगायचे? कारण खासगी आहे, सगळे उघड करायची इच्छा नाही. काही जण संशोधनाचे पेपर करून गॅप भरा म्हणतात.

प्रतिसाद ४ (सदस्य: वॉर्ड_क्रमांक_चार)

कारण उघड करायची गरज नाही आणि करूही नये. पर्सनल स्टेटमेंट एक पानाचे, त्यात गॅपला दोन वाक्ये. मथितार्थ असा: "जानेवारी २०२१ ते मार्च २०२६ या काळात कौटुंबिक जबाबदारीमुळे मी रुग्णसेवेपासून दूर होते. ती जबाबदारी आता पूर्ण झाली असून एप्रिल २०२६ पासून मी ३० खाटांच्या मेडिसिन वॉर्डात आठवड्याला ४८ तास काम करत आहे." पहिल्या वाक्यात सुरुवात आणि शेवट, दुसऱ्यात आजचे काम. जे अजून चालू आहे ते "पूर्ण झाली" म्हणून लिहू नका. माफी नको, करुण वर्णन नको. हे स्टेटमेंटच्या मध्यावर किंवा शेवटाकडे येऊ द्या, सुरुवातीला कधीच नको. मुलाखतीतही तेच अर्ध्या मिनिटात सांगायचे आणि लगेच चालू कामातल्या एका रुग्णाकडे वळायचे. वाचणाऱ्याची खरी शंका अशी असते: ही व्यक्ती जुलैच्या पहिल्या रात्री दहा रुग्ण सांभाळेल का, आणि सहा महिन्यांनी सोडून तर जाणार नाही ना? कारण काय होते यापेक्षा ही शंका फिटणे महत्त्वाचे.

तारखा ताणून गॅप झाकणे मात्र कदापि नको. ईरासमध्ये महिना आणि वर्ष भरावे लागते. पुढे राज्याच्या परवान्याच्या वेळी महिन्या-महिन्याचा हिशेब पुन्हा मागतात, आणि तेव्हा दोन्ही जुळले नाहीत तर प्रकरण वागणुकीच्या चौकशीवर जाते. ईसीएफएमजीची तशी नोंद झाली तर ती पुसली जात नाही.

ईरासमध्ये अनुभवांच्या दहाच नोंदी आणि त्यांतल्या तीन "सर्वांत अर्थपूर्ण". त्या तिघांत एक नोंद सध्याच्या कामाची हवीच. वर्णन ७५० अक्षरांचे असते, त्यात विशेषणे भरू नका. खाटा किती, रोज किती रुग्ण, कुठल्या प्रक्रिया स्वतः केल्या, कुणाच्या देखरेखीखाली, हे लिहा.

पेपरबद्दल: चांगल्या गटात खरे काम मिळाले तर जरूर करा. पण पैसे घेऊन नाव घालणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. मुलाखतीत "यात तुम्ही नक्की काय केले, नमुना किती होता, कुठली चाचणी वापरली" असे विचारले की दोन मिनिटांत उघडे पडते. आणि वॉर्डापासून दूर राहिल्याची भरपाई पेपरने होत नाही. पॅथॉलॉजीसारख्या विषयात थोडी होईल, मेडिसिनमध्ये नाही.

प्रतिसाद ५ (सदस्य: कागदपत्रे_आधी)

ऑब्झर्व्हरशिपचे मी लिहिते. इलेक्टिव्ह (रुग्ण स्वतः तपासू देणारी पोस्टिंग) विद्यार्थ्यांसाठी असते, पदवीनंतर ते दार बंद. पदवीधराला मिळते ती मुख्यतः ऑब्झर्व्हरशिप: राऊंडला उभे राहायचे, चर्चेत बोलायचे, केस मांडायची, पण रुग्णाला हात लावायचा नाही आणि नोट्स लिहायच्या नाहीत. चार-चार आठवड्यांच्या दोन किंवा तीन पुरतात, शक्यतो भरती रुग्णांच्या आणि रेसिडेन्सी असलेल्या रुग्णालयात. दवाखान्यातल्या दहा आठवड्यांपेक्षा तिथले चार आठवडे जड. अर्जाआधीच्या वर्षभरातलेच अनुभव ताजे ठरतात, म्हणून २०२७ ला अर्ज करायचा तर जानेवारी ते जुलै २०२७ या काळात बसवा.

आधीची तयारी लांबते ती लसींमुळे. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बी यांची प्रतिपिंडे रक्तात दाखवावी लागतात. बीची मालिका पुन्हा घ्यावी लागली तर शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस, आणि त्यानंतर एक-दोन महिन्यांनी तपासणी. म्हणजे आठ महिने तिथेच गेले. ही प्रतिपिंडांची तपासणी (टायटर) आजच करून घ्या. क्षयरोगासाठी त्वचेच्या चाचणीऐवजी रक्ताची आयग्रा मागा. बीसीजी घेतलेल्यांत त्वचेची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येते आणि मग एक्स-रे, पत्रे, वाद. बीएलएस आणि एसीएलएस या जीवरक्षक उपचारांच्या प्रशिक्षणांची कार्डे दोन वर्षे चालतात. आत्ता काढली तर मुलाखतीच्या दिवसांतही चालू राहतील.

पत्रांचे: प्रत्येक प्रोग्रॅमला चारच पत्रे लावता येतात. दोन किंवा तीन अमेरिकेतली, एक सध्याच्या वॉर्डप्रमुखांचे. पत्र वाचण्याचा हक्क सोडून द्या, नाहीतर पत्राचे वजन उतरते. देणाऱ्याकडे शेवटच्या दिवशी नव्हे, तिसऱ्या आठवड्यात विषय काढा, आणि सोबत एक पान द्या: तारखा, तुम्ही मांडलेल्या केसेस, तुम्ही शोधून आणलेली उत्तरे. अशा पानाशिवाय "कष्टाळू आणि वक्तशीर" एवढेच पत्र येते, आणि ते कुणालाही लागू पडते. तुमच्या बाबतीत एक वाक्य सोन्याचे: "गॅप असूनही हिचे क्लिनिकल ज्ञान आजच्या इंटर्नच्या तोडीचे आहे." ते तुम्ही मागायचे नाही, पण वॉर्डप्रमुखांना गॅपबद्दल स्वतःहून सांगितले असेल तर ते आपोआप लिहितात.

प्रतिसाद ६ (सदस्य: ताळेबंद)

एक धोका राहून गेला. ईसीएफएमजीची सात वर्षे स्टेप टूवर थांबतात, पण अनेक राज्ये परवान्यासाठी तिन्ही स्टेप्स ठरावीक वर्षांत मागतात, आणि बरीच जण सातच धरतात. तुमची स्टेप वन ऑगस्ट २०२१ ची. २०२८ च्या मॅचमधून जुलै २०२८ ला रुजू झालात तर हातात महिनाभर उरतो. इंटर्नच्या पहिल्या महिन्यात दोन दिवसांची स्टेप थ्री कुणी देऊ नये. म्हणून प्रमाणपत्र मिळाले की रुजू होण्याआधीच ती उरका. ती फक्त अमेरिकेतच देता येते, त्यामुळे ऑब्झर्व्हरशिपच्या फेरीलाच जोडा. मात्र प्रमाणपत्र त्याआधी हातात पडायला हवे. म्हणजे स्टेप टू आणि ओईटी २०२६ मध्येच, अर्ज कधीही करा. ज्या राज्यांतले प्रोग्रॅम यादीत घ्याल त्या राज्याच्या मंडळाची मुदत स्वतः वाचा.

व्हिसाचा धागाही इथेच. जे-१ ला (शैक्षणिक देवाणघेवाणीचा व्हिसा) स्टेप थ्री लागत नाही, पण मायदेशाच्या आरोग्य मंत्रालयाचे गरजपत्र (देशाला अशा प्रशिक्षित डॉक्टरांची गरज असल्याचे पत्र) लागते आणि शिक्षणानंतर दोन वर्षे परतण्याची अट येते. एच-१बीला (नोकरीचा व्हिसा) स्टेप थ्री आधी लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरच्यांच्या नव्या एच-१बी अर्जावर १,००,००० डॉलर लावण्याची घोषणा झाली, त्यामुळे त्याच्या भरवशावर यादी बांधू नका. गरजपत्राला काय काय कागद लागतात ते मॅचच्या आधीच जमवा. मार्चमध्ये निकाल आणि जुलैत रुजू होणे यांत वेळ फार थोडा असतो.

प्रतिसाद ७ (सदस्य: बिनतारी)

केवळ अमेरिकेचाच विचार असेल तर हे सोडून द्या, पण ताज्या कामाची अट बाकीच्या देशांत नियमात लिहिलेली आहे. यूकेत कोअर किंवा स्पेशालिटी ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षासाठी क्रेस्ट फॉर्म लागतो. तो सही करणाऱ्या वरिष्ठांच्या हाताखाली सलग तीन महिने काम झालेले हवे, आणि तेही रुजू होण्याच्या आधीच्या साडेतीन वर्षांतले. २०२० चे काम तिथे चालणार नाही, यंदा सुरू केलेले चालेल. परदेशी पदवीधरांचा प्राधान्यक्रम त्या त्या वर्षी वाचूनच पुढे जा. ऑस्ट्रेलियात मंडळाची अट वर्षभरात १५२ तास किंवा तीन वर्षांत ४५६ तास अशी आहे. म्हणजे वॉर्डातल्या तासांची सही-शिक्क्याची नोंदवही ठेवलीत तर ती तिन्ही देशांत कामी येते. दर महिन्याच्या शेवटी सही घ्या. वर्षाने वरिष्ठ बदलून जातात आणि मग सही मिळत नाही.

प्रश्नकर्ती (रात्रपाळी)

ठरले. या आठवड्यात टायटर आणि परिषदेकडे चौकशी, मार्चअखेर वॉर्ड, स्टेप टू ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, ओईटी ऑक्टोबरात, अर्ज २०२७ ला. दहा वर्षांची मर्यादा असलेल्या प्रोग्रॅमना समन्वयकांकरवी आत्ताच विचारून घेते. मर्यादा पदवीपासून मोजतात की शेवटच्या क्लिनिकल कामापासून, ते ज्यांच्याकडून लेखी येईल त्यांची यादी इथे टाकते, म्हणजे बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.